पलटणीतून पेन्शनीत : सुभेदार रामजी सकपाळ यांच्या निवृत्तिजीवनाचा एक अभ्यास

(१)

सैनिकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा भरतीपासून सुरू होतो आणि रणांगणावर किंवा पदकापाशी संपतो. पलटणीतून बाहेर पडल्यावर त्याने कोठे घर केले, कशावर पोट भरले, सैन्यात शिकलेल्या विद्येचा त्याला मुलकी जीवनात कितपत उपयोग झाला, या प्रश्नांकडे इतिहासलेखकांचे लक्ष अभावानेच गेले आहे. त्यातही ज्या दलाचे काम लढण्यापेक्षा बांधण्याचे अधिक, त्या दलातील शिपायाची उपेक्षा विशेष झालेली दिसते. रस्ता तयार करणे, नदीवर पूल टाकणे, खंदक व सुरुंग खणणे, छावणी उभारणे ही कामे युद्धाच्या वृत्तांतात एका ओळीत आटोपतात आणि ती करणारी माणसे त्या ओळीतही सापडत नाहीत.

प्रस्तुत निबंधात अशा एका निवृत्त सैनिकाच्या जीवनक्रमाचा विचार केला आहे. रामजी मालोजी सकपाळ हे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. तथापि पुत्राच्या चरित्राचा पहिला अध्याय एवढ्याच दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले गेल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा अर्थ झाकला गेला आहे. मुंबई इलाख्याच्या सॅपर्स अँड मायनर्स दलात नोकरी करून सुभेदाराच्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या या गृहस्थाने पुढे सुमारे वीस वर्षे मुलकी जीवनात काढली. त्या वीस वर्षांत सैन्याने त्यांना काय दिले होते आणि काय दिले नव्हते, याचा हिशेब स्पष्ट होत गेला.

हा हिशेब मांडताना भंडारा जिल्ह्याकडे वळण्यास सबळ कारण आहे. १९५४ च्या मे महिन्यात डॉ. आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक भंडारा मतदारसंघातून लढविली. त्यांच्या मागे तेथे जो समाज उभा होता, त्याच्या जागृतीचा इतिहास कोकणातील त्यांच्या स्वतःच्या घराण्याच्या इतिहासाहून निराळा होता. कोकणात पेन्शनीने जे काम केले, ते भंडाऱ्यात माग, व्यापार आणि जमीन यांनी केले. ही तुलना केल्यावाचून लष्करी सेवेचे नेमके देणे कोणते, हे नीट उलगडत नाही. म्हणून निबंधाच्या उत्तरार्धात ती केली आहे.

(२)

मुंबईच्या सॅपर्स दलाची परंपरा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पायोनियर लष्करांपर्यंत मागे जाते. येथे ‘लष्कर’ हा शब्द फौज या अर्थी नसून तोफखान्याच्या आणि बांधकामाच्या कामावरील मजूर-शिपाई या जुन्या अर्थाने घ्यावयाचा आहे. पुढे या दलाचे मुख्य ठाणे पुण्याजवळ खडकी येथे झाले. १८६८ च्या अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत समुद्रकाठापासून पठाराकडे चढणाऱ्या खिंडीतून वाहने नेण्याजोगा रस्ता करण्याचे काम ज्या तुकड्यांनी केले, त्यांत या दलाच्या तुकड्या होत्या.

या दलातील शिपायाला कवायत आणि बंदूक यांखेरीज आणखी काही शिकावे लागे. मोजमाप, उतार, मातीचा घनफळाने हिशेब, हत्यारांची मोजदाद, कामाची वाटणी आणि हजेरी यांवाचून बांधकाम चालत नाही. म्हणजे लढाऊ पलटणीतील शिपायापेक्षा सॅपर शिपाई मुलकी व्यवहाराला अधिक जवळचा होता. त्याची कुदळ आणि त्याची हजेरीवही या दोन्ही गोष्टी शांततेच्या काळातही चालणाऱ्या होत्या.

रामजी सकपाळ यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड भागातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजी हेही सैन्यातच होते. रामजींचे सासरे, मुरबाडकर घराण्यातील धर्माजी, हे सुभेदार होते. म्हणजे सैन्य ही या घरांची निवड नसून पिढीजात वाट होती. कंपनी सरकारच्या अमलाच्या आरंभापासून आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून फौजेत चाकरी धरली, असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. रामजींच्या दलाचा उल्लेख चरित्रग्रंथांत १०६ सॅपर्स अँड मायनर्स असा येतो. मात्र त्यांच्या सेवेचा मोठा भाग कुदळीपेक्षा खडूशी निगडित होता. पुण्यास नॉर्मल स्कूलचे शिक्षण घेऊन ते लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना सक्तीने शिक्षण देण्याची पद्धत त्या काळच्या फौजेत होती. ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्या समाजातील स्त्रिया आणि मुली छावणीत अक्षरे गिरवीत होत्या. ही घटना महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात अजून तिला योग्य असे स्थान मिळवू शकलेली नाही.

छावणी ही अशा रीतीने गावाच्या बाहेर वसलेली एक दुसरी वस्ती होती. तेथे हुद्दा जातीपेक्षा मोठा होता असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु हुद्द्याला जातीहून वेगळी अशी किंमत होती, एवढे निश्चित म्हणता येते. निवृत्ती म्हणजे या वस्तीतून बाहेर पडणे होय.

(३)

रामजी निवृत्त झाले तो काळ केवळ त्यांच्याच आयुष्यातील संक्रमणाचा नव्हता. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती आणि काही प्रांत लढवय्ये, बाकीचे तसे नव्हेत, ही कल्पना त्यांच्या कारकीर्दीत सैन्यभरतीचे तत्त्व बनली. १८९२–९३ च्या सुमारास मुंबईच्या फौजेतील महारांची भरती बंद झाली. १८९५ साली तिन्ही इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा एकत्र करण्यात आल्या. म्हणजे रामजींनी मध्य हिंदुस्थानातील महूची छावणी सोडली, त्याच सुमारास त्यांच्या मागचा दरवाजाही बंद झाला. वडील सैन्यात, मुलगा सैन्यात, नातूही सैन्यात, ही साखळी तुटली.

या गोष्टीचा परिणाम निवृत्त सैनिकांवर दुहेरी झाला. एक तर मुलांना त्याच नोकरीत लावण्याचा मार्ग संपला. दुसरे असे की, पेन्शन हे आता मागे सरणाऱ्या सुस्थितीचे शेवटचे अवशेष ठरले. पेन्शनर वारला की त्या घरातील सरकारी पैसा आटणार होता. पेन्शनरांच्या अर्जविनंत्यांना जी निकड दिसते, तिचे मूळ येथे आहे. हा हुकूम फिरवावा म्हणून रामजींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या साहाय्याने अर्ज तयार केल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर यांनी याच मागणीसाठी विनंतिपत्र सिद्ध केले. वलंगकर स्वतः १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ‘विटाळ विध्वंसन’ (१८८८) या पुस्तिकेचे कर्ते. दापोलीस वास्तव्य करून लेखन आणि चळवळ करणारे. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवड येथे सभा भरवून आणि १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून हीच मागणी पुढे चालविली. यांपैकी कांबळे हे सैनिक नव्हते. पेन्शनरांनी उभा केलेला प्रश्न आता पेन्शनरांच्या पलीकडे गेला होता.

रामजींनी निवृत्तीनंतर प्रथम दापोली गाठली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ते आपल्या मूळ गावी स्थायिक होण्यासाठी गेले नाहीत. दापोली ही इंग्रजी अमलाच्या आरंभी दक्षिण कोकणातील लष्करी छावणी होती; पलटणी हलल्यानंतरही काही काळ तेथे जुन्या सैनिकांची तुकडी राहिली आणि ‘कॅम्प दापोली’ हे नाव लोकांच्या तोंडी पुढेही राहिले. मूळ गावी परत जाणे म्हणजे वतनाच्या कामात आणि गावकुसाबाहेरच्या जागेत परत जाणे होते. छावणीच्या गावात निवृत्त सुभेदाराला निदान आपल्यासारख्या माणसांची सोबत होती. गाव आणि छावणी यांच्या मधली ही तिसरी जागा पेन्शनरांनी स्वतः निर्माण केली होती. महाराष्ट्रातील अस्पृश्यतानिवारणाच्या आरंभीच्या चळवळीत दापोलीचे नाव वारंवार येते, ते यामुळेच.

(४)

परंतु दापोलीत रामजी राहिले नाहीत. पेन्शनीत एवढे मोठे कुटुंब चालणे कठीण होते. ते साताऱ्यास आले आणि तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडार सांभाळणाऱ्या स्टोअरकीपरची जागा त्यांना मिळाली. साताऱ्यातच त्यांच्या पत्नी भीमाबाई यांचे निधन झाले. पुढे रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे कॅशियर म्हणून गेले. (पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील, आज गोंदिया जिल्ह्यात असलेले गोरेगाव ते हे नव्हे.) १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळानंतर भुकेलेल्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते.

सॅपर्स दलातील निवृत्त अधिकारी बांधकाम खात्याच्या कोठीवर आणि तेथून दुष्काळी कामाच्या तिजोरीवर जातो, या क्रमात आकस्मिक असे काही नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळाची संहिता तयार केली. तिच्यानुसार मदत म्हणजे प्रामुख्याने काम आणि कामाची मजुरी असे ठरले. मजुरांच्या टोळ्या करावयाच्या, प्रत्येक टोळीची हजेरी ठेवावयाची, खणलेल्या मातीचे माप घ्यावयाचे आणि त्या मापाने किरकोळ नाण्यांत मजुरी वाटावयाची, अशी ही रीत होती. ती मुळात लष्करी बांधकामाच्या रीतीहून फारशी भिन्न नव्हती. अशा कामावर माप, हजेरी आणि रोकड यांची सवय असलेली, लिहितीवाचती आणि शिस्तीची माणसे हवी असत. निवृत्त सुभेदारापाशी हे सर्व होते.

सैन्याने रामजींना जी विद्या दिली, तिला मुलकी जीवनात बाजार होता. पण तो एकाच गिऱ्हाइकाचा होता आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. गावच्या सावकाराने, व्यापाऱ्याने किंवा इनामदाराने त्यांना आपली कोठी आणि तिजोरी सोपविली असती, असे त्या काळच्या समाजस्थितीवरून वाटत नाही. पलटणीतून बांधकाम खात्यात आणि तेथून दुष्काळी कामावर असा हा प्रवास दिसावयास नोकरीबदलाचा आहे. परंतु वस्तुतः तो एकाच धन्याच्या एका आवारातून दुसऱ्या आवारात झालेला प्रवास आहे. त्या आवाराबाहेर काय होते, याची साक्ष १९०१ सालच्या एका प्रसंगाने दिली आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत रामजींनी मुलांना गोरेगावी बोलाविले. भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. येण्याची वर्दी रामजींना वेळेवर मिळाली नव्हती, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. चांगल्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली. जात कळताच तो मागे सरला. कोणीही गाडीवान त्यांना गाडीत घेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. रात्र जकातनाक्याजवळ काढावी लागली; बरोबर शिदोरी होती, पण पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी निजली. डॉ. आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे.

या प्रसंगाचे वर्णन नेहमी मुलाच्या बाजूने केले जाते. तो पित्याच्या बाजूनेही वाचावयास हवा. ज्या मनुष्याच्या हातून शेकडो भुकेल्या मजुरांना मजुरी मिळत होती आणि ज्याच्या देखरेखीखालच्या पैशातून पाण्याचा तलाव खोदला जात होता, त्याच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळू शकले नाही. पेन्शन होती, पगार होता, दुप्पट भाडे देण्याची ऐपत होती. परंतु पैशाने गाडी मिळाली, गाडीवान शेजारी बसला नाही. गणवेषाला जी किंमत होती, ती गणवेष उतरताच गेली, आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही.

(५)

या सामाजिक स्थित्यंतराचे ठसे भाषेवरही उमटले आहेत आणि ते येथे थोडक्यात पाहणे उपयुक्त होईल. ‘बिगार’ किंवा ‘वेठबिगार’ म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम. हा शब्द फारसीतून आला. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काने आला. त्याचे मूळ देणे-चुकते करणे या अर्थाच्या धातूत आहे. बांधकामाच्या क्षेत्रातला ‘मिस्त्री’ पोर्तुगीजच, आणि हजेरीचा ‘मस्टर’ व ‘पलटण’ हे शब्द इंग्रजी अमलातले. गावगाड्यातल्या वतनदार महाराच्या वाट्याला बिगार होती आणि तिच्या जोडीला बलुते होते. बलुते हे कामाच्या मापाने नव्हे, तर गावाच्या मर्जीने आणि रूढीने मिळे. पलटणीत आणि नंतर सरकारी बांधकामावर त्याच श्रमाला पगार आला. माती तीच, कुदळ तीच. परंतु देणाऱ्याची मर्जी जाऊन तेथे माप आले. आजच्या मराठीत ‘बिगारी’ म्हणजे बांधकामावरचा रोजंदारी मजूर. सक्तीचा अर्थ लोपून शब्द मजुरीच्या व्यवहारात स्थिरावला, हा केवळ अर्थपालट नव्हे. श्रमाच्या मोबदल्याचा एक संपूर्ण इतिहास त्या शब्दाच्या पोटात आहे.

पेन्शन ही या क्रमातील शेवटची पायरी होय. बिगारीत काम असून मोबदला नाही; पगारात कामाइतका मोबदला आहे; पेन्शनीत काम थांबल्यावरही मोबदला चालू राहतो. गावाने ज्याचे ऋण कधी मानले नाही, त्याचे ऋण पेन्शनीच्या कागदाने मान्य केले. ‘पेन्शनीत निघणे’ हा वाक्प्रचार मराठीने घडविला, त्यातील ‘निघणे’ हे क्रियापद या दृष्टीने मार्मिक आहे.

हुद्द्यांची नावे पाहिली तर प्रवाह उलट दिशेचा दिसतो. सुभेदार, हवालदार, जमादार, नाईक ही नावे कंपनीच्या फौजेने एतद्देशीय राज्यव्यवस्थेतून उचलली. सुभेदार म्हणजे मुळात सुभ्याचा अधिकारी. फौजेत त्याचा अर्थ कंपनीतील एतद्देशीय अंमलदार एवढाच राहिला; परंतु निवृत्त होऊन तो शब्द घरी आला, तेव्हा त्याच्या मागे जुन्या राज्यकारभाराची प्रतिष्ठाही थोडीफार चालत आली. पेन्शनीनंतरही रामजी हे लोकांत ‘सुभेदार’ म्हणूनच ओळखले जात.

व्यक्तिनामांतही हाच फरक दिसतो. १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ कोरेगाव येथे उभारलेल्या स्तंभावर जी महार शिपायांची नावे कोरली आहेत, ती ‘नाक’ या प्रत्ययाने ओळखू येतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत रामजींनी मुलाचे नाव दाखल केले. तेथे ‘सकपाळ’ हे कुलनाम पुढे आले नाही. गावाच्या नावावरून सिद्ध होणारे ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव आले. असे आडनाव मराठीत सर्व जातींत आढळते. ते गाव सांगते, जात सांगत नाही. ‘नाक’पासून ‘कर’पर्यंतच्या या अंतरात पेन्शनरांच्या दोन-तीन पिढ्यांची वाटचाल सामावलेली आहे.

(६)

१९०४ च्या सुमारास रामजी कुटुंबासह मुंबईस आले आणि परळच्या चाळीत राहिले. आता नोकरी नव्हती. पेन्शन हाच मुख्य आधार होता. साताऱ्याची छावणी, बांधकाम खात्याची कोठी आणि दुष्काळी कामाची तिजोरी या तिन्हींचा संबंध सुटला होता. उरली ती रामजींची मूळ विद्या, म्हणजे शिकविणे. मुलाकडून ते हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतरमाला करवून घेत. घरात रामायण-महाभारताचे वाचन होई; कबीरपंथी असल्यामुळे कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग म्हटले जात. चौदा वर्षे ज्यांनी पलटणीची शाळा चालविली, त्यांनी निवृत्तीनंतर एका खोलीत तीच शाळा पुन्हा मांडली. पुस्तकासाठी पैसे नसले की ते विवाहित मुलीकडून दागिना उसना आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करीत.

या व्यवहारात पेन्शनीचे खरे कार्य दिसते. ती रक्कम मोठी नव्हती. परंतु ती ठरलेल्या दिवशी निश्चित येणारी होती. गिरणीतील मजुरी किंवा शेतीचे उत्पन्न यांविषयी असे म्हणता आले नसते. या निश्चितीवरच दागिना गहाण टाकता येत होता आणि पुस्तक विकत घेता येत होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले आणि त्याच वर्षी भीमराव बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले.

(७)

आता भंडाऱ्याकडे पाहू. हा प्रदेश १८५० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अमलात आला आणि १८६१ पासून मध्य प्रांतात समाविष्ट होता. मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या भरती होण्याची कोकणासारखी परंपरा येथील महार समाजात रुजली नव्हती. साहजिकच १८९२–९३ च्या भरतीबंदीचा घाव येथे तसा बसला नाही, आणि पेन्शनरांच्या वसाहतीही येथे उभ्या राहिल्या नाहीत.

असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर–भंडारा भागात जागृती झाली आणि ती जोमदार होती. तिची साधने निराळी होती. येथील महार समाजात विणकामाचा व्यवसाय पसरलेला होता. काहींनी व्यापार व मक्तेदारीची कामे केली. काही घरे जमीनजुमला बाळगून होती. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीची मजुरी मिळू लागली. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी, नागपूरचे किसन फागूजी बनसोड अशा कार्यकर्त्यांच्या मागे पलटण नव्हती. गावगाड्याच्या बाहेरचे उत्पन्न मात्र होते.

भंडाऱ्याच्या भूमीवर आणखी एक गोष्ट लक्षात येते. हा तलावांचा जिल्हा. येथील जुने तलाव प्रामुख्याने कोहळी कृषकांनी बांधले. त्यांचे बांध, सांडवे आणि पाटांची आखणी हे ज्ञान त्या समाजात परंपरेने चालत आले. येथे बांधकामाची विद्या शेतीच्या पोटात आणि जमिनीच्या हक्काशी जोडलेली राहिली. साताऱ्याच्या गोरेगावी जो तलाव खोदला गेला, त्यावर काम करणाऱ्या मजुराचा किंवा पैसे वाटणाऱ्या कॅशियरचा त्या पाण्यावर हक्क निर्माण झाला नाही. विद्या जमिनीशी जोडलेली असेल तर तिच्यातून वतन निर्माण होते. नोकरीशी जोडलेली असेल तर तिच्यातून पेन्शन निर्माण होते. रामजींच्या वाट्याला दुसरी गोष्ट आली.

या तुलनेवरून निष्पन्न होणारा निष्कर्ष असा की, जागृतीला कारण झाली ती लष्करी शिस्त किंवा शौर्याचा अभिमान एवढीच नव्हे. गावाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले उत्पन्न हे दोन्ही प्रदेशांत समान असलेले मूळ कारण होय. कोकणात ते पेन्शनीच्या रूपाने आले, भंडाऱ्यात माग आणि व्यापार यांच्या रूपाने. मात्र कोकणच्या पेन्शनरापाशी एक गोष्ट अधिक होती. ती म्हणजे छावणीतील शाळेने दिलेली लेखी भाषा. अर्ज, विनंतिपत्र, पुस्तिका आणि वृत्तपत्रातील पत्र ही शस्त्रे प्रथम निवृत्त सैनिकांच्या हाती दिसतात, याचे कारण त्या शाळेत आहे.

(८)

महारांची भरती पहिल्या महायुद्धात पुन्हा सुरू झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि युद्धानंतर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तिची दुसरी बटालियन १९४२ च्या आरंभी कामठी येथे उभी राहिली. कामठी ही भंडाऱ्याच्या वाटेवरची छावणी. कोकणची जुनी लष्करी वाट अशा रीतीने पन्नास वर्षांनी विदर्भाच्या दारात आली.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यात केवळ मजुरांचे प्रश्न येत नव्हते; केंद्रीय बांधकाम खाते, पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यात होते. ज्या खात्याच्या कोठीवर पिता स्टोअरकीपर होता, त्या जातीच्या खात्याची सूत्रे पुत्राच्या हाती आली. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, युद्ध संपत आले असता सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या लाखो माणसांना मुलकी जीवनात काम मिळवून देण्यासाठी १९४५ च्या जुलै महिन्यात पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले, ते याच मजूर खात्याखाली. सैनिकाच्या हातची विद्या मुलकी नोकरीच्या मापाने मोजावी, त्याला योग्य जागा दाखवावी, जरूर तर त्याला नवे शिक्षण द्यावे, हे आता शासनाचे कर्तव्य ठरले. स्वातंत्र्यानंतर देशभर जी सेवायोजन कार्यालये सर्वांसाठी खुली झाली, त्यांचा आरंभ या सैनिक-पुनर्वसनात आहे.

१८९३–९४ मध्ये महूहून निघालेल्या सुभेदाराला असे कार्यालय नव्हते. दापोली, सातारा, गोरेगाव, परळ हा मार्ग त्याने स्वतः शोधला. त्याला एका बाजूने पेन्शनीच्या कागदाने सांभाळले आणि दुसऱ्या बाजूने जातीच्या रूढीने अडविले. सेवायोजन कार्यालय नोकरीची जागा दाखवू शकते. मसूरच्या रस्त्यावरचा गाडीवान त्याच्या कक्षेत येत नाही. सैन्यातून मुलकी जीवनात जाण्याचा प्रश्न हा अर्धा नोकरीचा आणि अर्धा समाजाचा आहे. पहिल्या अर्ध्याचे उत्तर १९४५ साली एका खात्याने द्यावयास आरंभ केला. दुसऱ्या अर्ध्यासाठी संविधानाला अस्पृश्यता नष्ट केल्याचे स्वतंत्र कलम घालावे लागले. रामजी सकपाळ यांच्या निवृत्तिजीवनाचा अभ्यास हा या दोन्ही अर्ध्यांना जोडून पाहावयास शिकवितो, आणि त्यातच त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.